धोका टळल्यानंतरचे काय?

महोदय,

हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय अचानक बिघडून रक्ताभिसरण थांबते, तेव्हा छाती दाबण्याचे उपचार सुरू नसतील तर लय पूर्ववत आणणाऱ्या विद्युत धक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. अतिदक्षता विभागात मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी होताच परिचारिका धावली, म्हणूनच माझे वडील वाचले. त्या धक्क्याचे छातीवरचे लालसर चट्टे आठवडाभर दिसत होते. मात्र घरी सोडताना दिलेल्या कागदावर हृदयाच्या लयीवर परिणाम करणारे रक्तातले पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचे, हृदयाची क्षमता कमीच राहिल्यास शरीरात डिफिब्रिलेटर (लय बिघडताच आपोआप विद्युत धक्का देणारे छोटे यंत्र) बसवण्याचा विचार केव्हा करायचा, याबद्दल एक ओळही नव्हती. धास्तीने ते आजही रात्री दिवा मालवू देत नाहीत. शासनाने डिस्चार्ज कार्डावर अशा सूचना मराठीत देणे बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा