मंदी होती म्हणूनच ती पोस्टरं छापली गेली

माननीय काउंटी आयुक्त महोदय यांस,

स.न.वि.वि.

गेल्या गणेशोत्सवात आपण न्यू जर्सीतल्या आमच्या मंडपात आलात, फेटा बांधून घेतलात आणि माइकवरून शब्द दिलात: फेडरल थिएटर प्रोजेक्टच्या, म्हणजे 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारने चालवलेल्या नाट्यप्रकल्पाच्या, पोस्टरांचं प्रदर्शन आणि मुलांसाठी स्क्रीन प्रिंटिंगची कार्यशाळा काउंटीच्या निधीतून होईल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा आपल्या कार्यालयाचा दोन ओळींचा ईमेल आला. "सध्याची आर्थिक परिस्थिती पाहता" निधी रद्द. माझ्या इंग्रजी पत्राला उत्तर नाही. शब्द मराठी माणसांसमोर दिला होतात, म्हणून त्यांच्यासमोरच विचारते.

ही पोस्टरं कोणत्या आर्थिक परिस्थितीत छापली गेली, हे माझ्या अर्जाच्या पहिल्याच पानावर होतं. तो कुणी वाचला का? 1933 मध्ये या देशात दर चार कामगारांमागे एक बेकार होता. 1935 मध्ये सरकारने रोजगार योजनेतून नट, चित्रकार, नेपथ्याचे सुतार यांना पगारावर घेतलं. न्यूयॉर्कच्या नटाला आठवड्याला 23.86 डॉलर मिळायचे. नाटकांची तिकिटं स्वस्त होती, कितीतरी प्रयोग तर फुकट. पोस्टरं आधी हाताने रंगवायचे. मग अँथनी वेलोनिस या कलाकाराने योजनेच्या न्यूयॉर्कमधल्या पोस्टर विभागात रेशमी जाळीवरची छपाई आणली आणि दिवसाला 600 पर्यंत प्रती निघू लागल्या. मोजके सपाट रंग, ठसठशीत अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी. त्या योजनेतल्या सगळ्या प्रकल्पांची मिळून 20 लाख पोस्टरं छापली असा अंदाज आहे, हाती उरली जेमतेम 2,000. नाट्यप्रकल्पाची कागदपत्रं तर 1974 मध्ये बाल्टिमोरजवळ विमानांच्या एका हँगरमध्ये सापडली. हे मुलांना दाखवायचं होतं. दाखवून त्यांच्याच नाटकाचं पोस्टर त्यांच्याच हातांनी काढून घ्यायचं होतं.

मी मुंबईत गिरगावात स्क्रीन प्रिंटिंग शिकले, इथे येऊन आयुष्यभर तेच केलं. गेल्या वर्षी ती नोकरी गेली. तरी आपल्या शब्दावर फ्रेम, जाळी, शाई, कागद असं सगळं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घेतलं. हॉलची अनामत बुडाली. व्याज चढतं आहे आणि बेसमेंटमध्ये कागदाला ओल लागते आहे. नवरा काही बोलत नाही, त्याचं ते गप्प राहणंच जास्त लागतं. रात्री झोप येत नाही. मुलांचे आईबाप फोन करून विचारतात, ताई, कार्यशाळा कधी? त्यांना मी काय सांगू? माझी पत गेली महोदय, आपली नाही.

आणि हे फक्त आपल्या काउंटीचं दुखणं नाही. 1938 मध्ये नाटकांत कम्युनिस्ट शोधणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे प्रकल्पाच्या संचालिका हॅली फ्लॅनागन यांना एका सदस्याने मार्लो कम्युनिस्ट आहे का, असं विचारलं. शेक्सपिअरच्या काळातला नाटककार! पुढच्याच वर्षी, 30 जून 1939 ला, प्रकल्प बंद. हजारो लोक पुन्हा रस्त्यावर. रोजगार योजनेच्या पैशातला एक टक्काही नाटकावर जात नव्हता, तरी कुऱ्हाड पहिल्यांदा तिथेच. आजही तेच चाललं आहे. 2024 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कला निधीला 20.7 कोटी डॉलर मिळाले, म्हणजे माणशी पाऊण डॉलरसुद्धा नाही. मे 2025 मध्ये त्यातलीही मंजूर अनुदानं ईमेल पाठवून रद्द झाली. तिजोरी रिकामी असल्याचं फक्त आम्हालाच का सांगितलं जातं? आम्ही कर भरत नाही का?

माझी मागणी मोठी नाही. मंजूर रक्कम द्या, नाहीतर झालेला खर्च भरून द्या. तेही जमत नसेल, तर निर्णय कुणी, कधी आणि कोणत्या नियमाने घेतला ते लेखी कळवा. काउंटी बोर्डाच्या पुढच्या बैठकीत नागरिकांसाठी राखलेल्या वेळेत मी नाव नोंदवलं आहे. मंडळातले लोकही येणार आहेत. उत्तर तिथे, माइकवरूनच द्या.

आपली,
एक मतदार आणि छपाई कारागीर