पाय कापायला विमा, तपासायला नाही

महोदय,

मधुमेहाच्या उपचारांतली तफावत म्हटली की चर्चा विमा असलेले आणि नसलेले अशा दोन गटांभोवती फिरते. ओपीडीत रोज दिसणारी तफावत मात्र विमा असलेल्यांमध्येच आहे. तिचा दोष रुग्णाच्या बेफिकिरीवर टाकणं सोपं असलं, तरी मूळ विम्याच्या रचनेत आहे. मधुमेह ओपीडीत सांभाळला जातो. आपले बहुतेक विमे रुग्ण भरती झाल्याशिवाय जागे होत नाहीत.

टाइप २ (बहुतेकदा मोठ्या वयात होणाऱ्या) मधुमेहाच्या रुग्णाला वर्षभरात काय लागतं? साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), असेल तर वर्षातून दोनदा. निदान झाल्यापासून दरवर्षी मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तातलं क्रिएटिनिन, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) तळपायाची संवेदना. यातल्या एकाही गोष्टीसाठी खाट लागत नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत हे सगळं मिळू शकतं, औषधांसकट. खासगी मेडिक्लेमवाल्याला सहसा यातलं काही मिळत नाही. ओपीडी नको म्हणून कोणी तपासण्यांपुरतं भरती करून घेतलं, तर दावा नाकारला जातो. केवळ निदान-तपासणीसाठीची भरती हा सगळ्या पॉलिसींत छापलेला प्रमाणित अपवाद आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण तेही ठरावीक उपचारांच्या पॅकेजपुरतं. डायलिसिस बसतं, पाय कापण्याची शस्त्रक्रिया बसते. त्याआधीची दहा वर्षं बसत नाहीत.

मूत्रपिंडाचंच बघा. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन उतरू लागतं. गुणोत्तर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) किंवा त्याहून जास्त आलं आणि तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुन्यांत तसंच राहिलं, तर औषधं बदलून ऱ्हास लांबवता येतो. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मूत्रपिंड जपणाऱ्या मधुमेहाच्या औषधांची पेटंटं संपल्यामुळे (दुसऱ्याचं मार्च २०२५ मध्ये) ती आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत. म्हणजे काहीशे रुपयांची लघवीची तपासणी खिशातून आणि आठवड्याला तीन डायलिसिस सरकारी तिजोरीतून, असा हा हिशेब आहे.

राज्य कामगार विमा योजनेत ओपीडी आणि औषधं दोन्ही आहेत. कागदावर ही देशातली सर्वांत उदार योजनांपैकी एक. अडतं ते साध्या गोष्टींत. सेवा दवाखान्याची वेळ आणि कारखान्याची पाळी एकमेकांवर आदळतात. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर अशा दोन नमुन्यांसाठी कामगाराचा खाडा होतो. एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, कोणत्याही वेळी रक्त घेता येतं. मग पहिली पसंती तिला का नाही? इन्शुलिनचंही तसंच. ४० युनिट प्रति मिलीची १० मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. रोज ३० युनिट घेणाऱ्याला ती तेरा दिवस पुरते. महिन्याला दोन बाटल्या दिल्या तर शेवटचे तीन-चार दिवस तो डोस अर्धा करतो किंवा चुकवतो, आणि पुढच्या तपासणीत 'पथ्य पाळत नाही' असा शेरा मिळतो.

सिरिंज बाहेरून विकत घ्यावी लागली तर धोका आणखी वाढतो. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. दुकानातून नारिंगी टोपणाची, १०० युनिट प्रति मिलीच्या इन्शुलिनसाठीची आली आणि रुग्णाने तिच्यावर २० ची खूण मोजली, तर शरीरात जेमतेम ८ युनिट जातात. उलट १०० च्या इन्शुलिनला ४० ची सिरिंज वापरली तर २० च्या जागी ५० जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून बाटली आणि सिरिंज एकाच खिडकीवर, एकत्रच द्यायला हवी.

याच योजनेत पगारवाढीचीही शिक्षा आहे. मासिक वेतन २१,००० च्या वर गेलं की चालू अंशदान कालावधी (वर्गणी कापण्याचा सहा महिन्यांचा टप्पा) संपल्यावर कामगार योजनेबाहेर पडतो. औषधांचा हक्क लगेच जात नाही, पण काही महिन्यांत जातो. मग कंपनीने गटविमा घेतलाच तर त्यात सहसा ओपीडी नसते.

पडद्याच्या तपासणीला रुग्ण येत नाहीत, ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, रोजंदारी बुडते. थेंबांशिवाय डोळ्याच्या पडद्याचा फोटो घेणारा फंडस कॅमेरा उपजिल्हा रुग्णालयात ठेवला आणि फोटो नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले, तर ही सबब बऱ्याच अंशी उरत नाही. फोटो अस्पष्ट आला तरच थेंब घालावेत.

फुले योजनेत भरतीशिवायचं एक वार्षिक मधुमेह पॅकेज घाला, ही आमची मागणी आहे: वरच्या तपासण्या, इन्शुलिन, सिरिंज आणि इन्शुलिनवाल्यांना ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. मात्र रुग्णालयाला पैसे केवळ एचबीए१सी किती उतरलं यावर देऊ नयेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. तांबड्या पेशी लवकर फुटल्या की एचबीए१सी खोटं कमी येतं. लोहाच्या कमतरतेत ते उलट वाढलेलं दिसू शकतं. अशा रुग्णांत प्रत्यक्ष साखरेच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामिन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी, तांबड्या पेशींवर न विसंबणारी रक्ततपासणी) धरावं लागेल.

खासगी विम्यात आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने झाली, पूर्वी ती ४८ होती. तरीही मधुमेह लपवून पॉलिसी काढून देणारे एजंट आहेतच. लपवलेलं उघडकीला आलं तर हृदयविकाराचा दावाही अडकतो. नोकरी सोडणाऱ्या मधुमेहींनी कंपनीचा गटविमा संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा लेखी अर्ज करावा आणि गटविम्यात काढलेली वर्षं प्रतीक्षेत धरल्याचं नव्या पॉलिसीच्या कागदावर तपासून घ्यावं. महिनाभर खंड पडला, तर छत्तीस महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ शकतात.

— मधुमेह ओपीडीत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका, पुणे