दयाळ नव्हे, चीरक

खानापूर

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलच्या आवारात दयाळ पक्षी आला होता म्हणून फोनवर किती खुशीत सांगत होतीस! पण पोटही काळंच होतं आणि शेपटीखाली तांबूस दिसलं, हे तूच म्हणालीस. मग तो चीरक. दयाळाच्या नराचं पोट पांढरं असतं, शेपटीच्या कडाही पांढऱ्या. चीरक त्याहून लहान, आणि त्याला दगडधोंड्यांची उघडी, कोरडी जमीन आवडते. धारवाडकडं तो दिसणारच. आपल्या परसात फणसाच्या सावलीत फिरतो तो दयाळ. शेपटी दोघंही वर करतात, तेवढ्यावरून ठरवू नकोस.

आधी आकार बघ, मग तो कुठं बसलाय आणि काय करतोय ते बघ. रंग सगळ्यात शेवटी. भारद्वाज मला तांबूस पंख दिसायच्या आधीच कळतो. कुंपणाच्या बुडाशी पाचोळा वाजवत, गोगलगायी टिपत तो चालत जातो. उडायचं त्याच्या जिवावर येतं.

हे एवढं लिहितोय त्याला कारण आहे. परवा गल्लीत एकांच्या घरामागं नाग निघाला म्हणून ओरड झाली. मी पोचेपर्यंत त्याला मारलंही होतं. वाकून पाहिलं तर मोठे गोल डोळे, बारीक मान, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. धामण होती ती! बिनविषारी, उंदरांवर जगणारी. फार वाईट वाटलं गं. मात्र फणा दिसला नाही म्हणून साप बिनविषारी, असंही धरून चालू नकोस. नाग दर वेळी फणा काढत नाही. खात्री नसेल तर लांब थांबायचं, सर्पमित्राला बोलवायचं, आणि तोवर कुणाला काठी उचलू द्यायची नाही. एवढं माझं ऐक.

दिवाळीत आपण जांबोटीवरून कणकुंबीला जाऊ. भीमगडचं रान त्याच बाजूला आहे, 2011 साली त्याचं अभयारण्य झालं. उंबराला फळं असली तर धनेश दिसतील. चोचीवर शिंग आहे का तेवढं नीट बघायचं: मलबारी राखी धनेशाला ते नसतं, कवड्या धनेशाला असतं. नशीब असेल तर शेकरूही दिसेल.

आई बरी आहे, तुझ्यासाठी कुंदा घेऊन ठेवणार म्हणते. सुट्टी कधी लागते ते कळव, म्हणजे गाडीचं बघतो.

तुझे पप्पा