प्रत्येक वेळी ऊनच कारण नसतं

माननीय संपादक,

माझ्या वहिनींचे डोळे वर्षभर चुरचुरत होते. नागपूरचं ऊन, रस्त्यावरची धूळ, असं म्हणत आम्ही औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत राहिलो. एका लग्नात तर ‘डोळे किती टपोरे दिसतात हो’ असं कौतुकही झालं. मग एका रात्री दादाच्या लक्षात आलं की झोपेतही त्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, खाली पांढरी रेघ दिसते. पुढे जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसू लागल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांनी रक्त तपासलं. ग्रेव्हज आजार निघाला.

यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि डोळ्यामागचे स्नायू, चरबीही सुजतात. हाडाच्या खोबणीत जागा ती किती! डोळा पुढे ढकलला जातो. सूज फार वाढली तर दृष्टीची नस दाबली जाते. नजर अंधूक झाली किंवा रंग फिके दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कधी कधी थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल असतानाही डोळ्यांना हा त्रास होतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

धूम्रपानाने हा आजार बळावतो. दादाने सिगारेट सोडली, पण उशिरा.

शहरात थायरॉइड तपासणीची शिबिरं भरतात. आयोजकांना कळकळीची विनंती, तिथे नेत्रतज्ज्ञही बोलवा.

– एक वाचक, महाल, नागपूर