करण पोपटाची ढोली वाचवा

पोपट पाळणे हा आपल्याकडे गुन्हा वाटतच नाही. गेल्या महिन्यात आठवडी बाजारात वेताच्या टोपलीत चार पिल्ले पाहिली. अंगावर अजून धड पिसे नाहीत, चोची मात्र उघड्या. 'पहाडी आहे साहेब, लवकर बोलेल,' विक्रेता सांगत होता. हा 'पहाडी' म्हणजे करण पोपट. नेहमीच्या पोपटापेक्षा थोराड, खांद्यावर लाल पट्टा. जागतिक यादीत तो 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पकडणे, विकणे, घरात ठेवणे, सगळेच बेकायदा आहे. दुकानातले परदेशी लव्हबर्ड दिसतात म्हणून लोकांची गल्लत होते, हेही खरे.

पण नुसत्या धाडींनी भागणार नाही. हा पक्षी घरटे बांधत नाही. जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली ढोली त्याला लागते. नेमकी अशीच वठलेली झाडे पावसाळ्यापूर्वी 'धोकादायक' म्हणून सरसकट तोडली जातात. फांद्या छाटून बुंधा ठेवता येत नाही का? निदान कुऱ्हाड लावण्याआधी ढोलीत कोणी आहे का, एवढे तरी बघावे. वीण हिवाळ्यात सुरू होते, पिल्लांचा बाजारही तेव्हाच तापतो. दया येऊन ती विकत घेऊ नका, त्याने पुढच्या टोपलीची सोय होते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मी त्या दिवशी कळवले, पण माणसे येईपर्यंत टोपली हलली होती.

- एक वाचक, ठाणे