दादा, ०७६ ची गोष्ट सांगितल्याबद्दल

प्रिय दादा,

कोपरखैरण्याच्या तुझ्या डीजेच्या गोडाऊनमध्ये मी पहिल्यांदा आलो तो नुसते मोठे स्पीकर बघायला. तू माझ्या डोक्यावर हेडफोन चढवलास, एक कप कानावर आणि दुसरा मागे सरकवलेला. बीपीएमचा, म्हणजे गाण्याच्या वेगाचा, आकडा दिसू नये म्हणून लॅपटॉपच्या स्क्रीनवर वही टेकवलीस. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटणावर तर काळी चिकटपट्टी होतीच. "आता कानाने जुळव," एवढंच म्हणालास. वेग बदलायची सरकपट्टी, पिच फेडर, केसभर वर, केसभर खाली. दोन गाण्यांच्या किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके, एकमेकांवर बसल्या नाहीत की घोडा दौडल्यासारखा आवाज यायचा. तीन आठवडे तो घोडा दौडत राहिला आणि तू एकदाही वैतागला नाहीस.

त्याच दिवसांत तू मला हार्डवेल या डीजेची गोष्ट सांगितलीस. नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा रॉबर्ट फान दे कोर्पुट. चौदाव्या वर्षी रेकॉर्ड कंपनीशी करार, २००९ मध्ये दोन गाणी एकत्र करून बनवलेल्या एका मॅशअपने जगभर नाव, २०१० मध्ये 'रिव्हील्ड' हे स्वतःचं लेबल आणि २०१३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, डीजे मॅग मासिकाच्या जगातल्या डीजेंच्या यादीत पहिला. पुढच्या वर्षी पुन्हा पहिला. बाकीचे पंचविसाव्या वर्षाचं कौतुक करायचे. तू मात्र मधली अकरा वर्षं बोटांवर मोजून दाखवलीस. आई "हळदीत डीजे वाजवून पोरगं वाया जाईल" म्हणत होती, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून तिलाही तू हीच अकरा वर्षं मोजून दाखवलीस. त्या दिवशी तिने तुला दुसरा चहा दिला, तिथेच मला कळलं की परवानगी मिळाली.

१३ डिसेंबर २०१५ ला तू मला नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये घेऊन गेलास. मॅजिक बस संस्थेच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभा करायला हार्डवेल वाजवणार होता. सगळी गर्दी ड्रॉपला, म्हणजे सगळा ठोका एकदम परत येतो त्या क्षणाला, हात वर करत होती आणि तू माझ्या कानात ओरडत होतास, "ड्रॉप सोड, त्याच्या आधी तो काय काय काढून घेतोय ते ऐक!" बेस गेला, किक गेली, उरली फक्त हजारो माणसांची टाळी. आजही बिल्डअप, म्हणजे ड्रॉपच्या आधीचा चढता भाग, करताना मी आधी काय काढायचं तेच ठरवतो.

पण सगळ्यात मोठे आभार २०१८ चे. माझ्या कानात शिट्टी वाजत होती, झोप उडाली होती आणि तरी मी एकही ऑर्डर सोडत नव्हतो. सप्टेंबरमध्ये हार्डवेलने दौरे थांबवत असल्याचं जाहीर केलं. सततच्या दडपणातून बाहेर पडून त्याला घरच्यांसाठी, स्वतःसाठी वेळ हवा होता. तू ती बातमी मला वाचून दाखवलीस आणि म्हणालास, "नवरात्रीत तू येऊ नकोस. कान आधी." सीझन ऐन भरात असताना तू दुसरा माणूस शोधलास, मला कानाच्या डॉक्टरकडे नेलंस आणि महिन्याचे अर्धे पैसे घरी आणून दिलेस. तो शब्द तू टाकला नसतास तर मी थांबलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात हार्डवेल परतला, तेव्हा आपण दोघांनी तो सेट तुझ्या गोडाऊनमध्ये ऐकला. आवाज तू मुद्दाम कमी ठेवला होतास.

डीजे टिएस्टोसुद्धा ब्रेडाचाच, हार्डवेलपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठा. २०११ मध्ये दोघांनी मिळून एक ट्रॅक केला आणि त्याला नाव दिलं गावच्या ०७६ या टेलिफोन कोडवरून, 'झिरो ७६'. हे सांगताना तुझा चेहरा असा खुलायचा, जणू ब्रेडा घणसोलीच्या पुढचंच स्टेशन आहे.

दादा, माझा पहिला स्वतःचा ट्रॅक पूर्ण झालाय. नाव ठेवलंय '०२२'. सुरुवातीच्या आठ बारमध्ये तुझ्या गोडाऊनच्या शटरचा आवाज आहे. मास्टरिंगच्या, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या सफाईच्या, आधी तुझे कान हवेत. रविवारी येतो.

तुझाच,
वहीमागचा पोरगा