नाही म्हणणाऱ्याची खुर्ची

प्रिय बंडू,

तुझं पत्र वाचून आधी चिडलोच. ‘पाच-दहा वर्षं एखाद्या खमक्या माणसाच्या हाती सगळं सोपवा, देश सुतासारखा सरळ येईल’, हे तू लिहावंस? डोकं थंड झाल्यावर पुन्हा वाचलं. तुझा वैताग खरा आहे. सभागृहं बोलत बसतात, फायली फिरत राहतात आणि लोक ताटकळतात. पण तू सुचवलेला उपाय रोमन लोकांनी केव्हाच करून पाहिलाय, आणि तोही तुझ्यापेक्षा बरीच जास्त काळजी घेऊन.

मोठं संकट आलं की ते एकाला ‘डिक्टेटर’ नेमायचे. मुदत फार तर सहा महिने. काम आधी आटोपलं तर आधीच पायउतार व्हायचं. ही व्यवस्था कित्येक पिढ्या नीट चालली, हे तुझ्या बाजूचं आहे आणि मी ते लपवत नाही. पुढे सुल्ला हा सेनापती सैन्य घेऊन रोममध्ये घुसला आणि इ.स.पू. ८२ मध्ये मुदतीशिवायचा डिक्टेटर झाला. त्याने नंतर आपणहून पद सोडलं, पण पायंडा पडला तो पडलाच. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. त्याला खाली उतरवायचा कायदेशीर रस्ताच उरला नाही, मग ते काम सुऱ्यांनी केलं. खरा हुशार निघाला त्याचा वारस ऑगस्टस. त्याने डिक्टेटरपद घ्यायलाच नकार दिला! प्रजासत्ताक परत केल्याचं जाहीर केलं, सिनेट भरू दिली, कॉन्सल (वर्षभरासाठी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) निवडू दिले आणि सैन्य जिथे होतं त्यातले बहुतेक प्रांत तेवढे स्वतःकडे ठेवले.

तेव्हापासून म्हण किंवा त्याच्याही आधीपासून, राज्यपद्धतीच्या पाटीवर काय लिहिलंय यावरून फारसं काही कळत नाही. ब्रिटनमध्ये आजही प्रत्येक कायद्याला राजाची संमती लागते, पण ती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी ॲनच्या वेळचा. आपल्याकडे पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची आणि कारभार पुण्यातून चालायचा. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या राज्यघटनेत भाषणाचं, छपाईचं, सभेचं स्वातंत्र्य ठळक लिहिलेलं होतं आणि पुढची दोन वर्षं अटकेसाठी रात्री-अपरात्री दारं वाजत होती. स्टालिन तर १९४१ पर्यंत सरकारचा प्रमुखसुद्धा नव्हता. १९२२ साली त्याच्याकडे पक्षाचं सरचिटणीसपद आलं, तेव्हा त्याच्या बड्या सहकाऱ्यांना ते कारकुनी काम वाटलं. कोणाला कुठल्या जागी बसवायचं, कोणाची बदली कुठे करायची, असली कंटाळवाणी कामं. ते भाषणं ठोकत राहिले आणि हा नेमणुका करत राहिला. काही वर्षांनी मतं मोजायची वेळ आली, तेव्हा सभागृहात सगळी त्याचीच माणसं!

म्हणून कुठल्याही राजवटीबद्दल मी एकच गोष्ट बघतो. वरून हुकूम सुटल्यावर तो आणखी कोणाच्या हातून जावा लागतो? आणि त्या माणसाला ‘हे होणार नाही’ असं म्हणून संध्याकाळी सुखरूप घरी जाता येतं का?

२५ जून १९७५ ची रात्र घे. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी रात्री सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे ज्यांनी आधी विचार करायचा, त्यांच्यासमोर झालेली गोष्ट मंजुरीला आली. त्या खोलीत कोणी हरकत घेतली असती तरी ती कशावर घेणार? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना अशी घोषणा आता करता येत नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे ऐसपैस कारण काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ आलं, आणि महिन्याच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते. मला त्यात सगळ्यात आवडतं ते ‘लेखी’. कागद करायचा म्हटलं की माणसं एकत्र बसवावी लागतात, आणि बसलेल्याला उद्या विचारता येतं, ‘तू तिथे होतास ना? मग काय बोललास?’ फार मोठी तटबंदी नाही ही, कबूल. पण मध्यरात्री एकट्याने उरकता येणार नाही एवढी तरी आहे.

आता तू पोलंड काढणार, मला माहीत आहे. काढच. तिथल्या ‘सेम’ या संसदेत कुठल्याही एका सदस्याने विरोध केला की अधिवेशन मोडायचं आणि त्यात संमत झालेलं सगळं रद्द व्हायचं. १६५२ मध्ये एकट्याच्या हरकतीने पहिल्यांदा असं अधिवेशन बुडालं. पुढे शेजारच्या राजांना लढाईपेक्षा स्वस्त मार्ग सापडला: एक सदस्य विकत घ्यायचा. ३ मे १७९१ च्या घटनेने हा नकाराधिकार काढला, पण पहिली फाळणी १७७२ मध्येच होऊन गेली होती. १७९३ आणि १७९५ मध्ये उरलेलं गेलं आणि १२३ वर्षं पोलंड नकाशावर नव्हता. तेव्हा नकार फुकट वाटला की राज्य जातं, हे तुझं म्हणणं मी पुराव्यासह मान्य करतो.

पण त्यावरचं औषध खमका माणूस नव्हे. जर्मनांनी दोन्ही दुखणी भोगली. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत, खासदार चॅन्सेलरला (तिथल्या सरकारप्रमुखाला) पाडायला एकत्र यायचे, नवा निवडायला मात्र नाही. मग घटनेच्या कलम ४८ मधल्या आणीबाणीच्या अधिकाराखाली राष्ट्राध्यक्षांचे अध्यादेश, आणि शेवटी २३ मार्च १९३३. राइशस्टागची, म्हणजे संसदेची, इमारत जळालेली, म्हणून बैठक एका ऑपेरागृहात. आत गणवेशातले एसएचे, म्हणजे नाझी पक्षाच्या दंडेली दलाचे, लोक उभे. कम्युनिस्ट खासदार एकतर कोठडीत, नाहीतर लपलेले. कायदे करायचे अधिकार हिटलरच्या सरकारला देणारा ठराव ४४४ विरुद्ध ९४ ने पास झाला. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांना नकार देता आला, पण त्या खुर्च्या काही महिन्यांतच काढून घेतल्या गेल्या.

१९४९ च्या घटनेत त्यांनी साधीच अट घातली: चॅन्सेलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात नवा बहुमताने निवडून दाखवा. असा ठराव आजवर एकदाच यशस्वी झाला, १९८२ मध्ये, श्मिट गेले आणि कोल आले. नकार आहे, पण ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढचा भार उचलावा लागतो. सगळ्या राज्यपद्धतींतलं मला हे सर्वांत अक्कलहुशारीचं कलम वाटतं.

आणि नकाराला कुठेच जागा ठेवली नाही तर? रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू आठव. २१ डिसेंबर १९८९, बुखारेस्टमधली बाल्कनी, टाळ्यांसाठी आणवलेली गर्दी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. मध्येच गलका होतो. तो थबकतो, हात वर करतो, ‘अलो, अलो’ म्हणत राहतो, फोन कट झाल्यासारखा. मग घाईघाईने पगारवाढ जाहीर करतो. १९६५ पासून सत्तेवर असलेल्या त्याला ‘नाही’ ऐकायची सवयच राहिली नव्हती, त्यामुळे ते ऐकून करायचं काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी छतावरून हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ तारखेला त्यालाच गोळ्या घातल्या गेल्या. अधिकार तेच होते रे, हुकूम पाळणारे तेवढे उरले नव्हते.

तेव्हा पुढच्या पत्रात तुझ्या खमक्या माणसाचं कौतुक नको. त्याला नाही कोण म्हणणार, त्या माणसाची नेमणूक कोण करणार, त्याचा पगार कोणाच्या हातात, एवढं लिही. आणि जमलं तर स्वित्झर्लंडचा सध्याचा अध्यक्ष कोण तेही शोधून कळव. तिथे सात जणांचं मंडळ राज्य चालवतं आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, त्यामुळे मला काही त्याचं नाव आठवत नाही.

तुझा नेहमीचाच भांडखोर मित्र